यूकेत बँकेने स्टुडंट अकाउंट नाकारलं म्हणजे नक्की काय नाकारलं?

सप्टेंबरच्या शेवटी इथे येणाऱ्या पोरांचा एकच प्रश्न असतो, अकाउंट रिजेक्ट झालं, बँक कारण सांगत नाही, आता काय करू. आणि त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं, "अरे त्या दुसऱ्या बँकेत टाक, माझं दोन दिवसांत झालं." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्याचं का झालं आणि तुमचं का नाही झालं हे त्यालाही माहीत नसतं, मग पोरगं बिचारं आठवडाभरात चार बँकांत अर्ज करतं आणि चारही ठिकाणी आपटतं. तर हे नाकारणं कुठल्या कुठल्या कारणांनी होतं, त्यातलं किरकोळ कुठलं आणि खरंच घाबरण्यासारखं कुठलं, ते जरा उलगडून सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे स्टुडंट अकाउंट म्हणजे झीरो बॅलन्सचं सेव्हिंग खातं, कॉलेजजवळच्या शाखेत आधार आणि पॅन दिलं, फोटो चिकटवले, सह्या केल्या की झालं. तिथे बँक तुम्हाला काही देत नाही, तुमचेच पैसे सांभाळते. यूकेतलं स्टुडंट अकाउंट वेगळं प्रकरण आहे. ते करंट अकाउंट असतं आणि त्याला बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट जोडलेला असतो, म्हणजे खात्यात शून्य असलं तरी कार्ड चालतं, खातं ठरलेल्या मर्यादेपर्यंत, समजा उणे १,००० पाउंडांपर्यंत, खाली जाऊ शकतं आणि शिकत असेपर्यंत त्यावर एक पैसा व्याज नाही. ह्याची किंमत कळायला एवढंच बघा की साध्या करंट अकाउंटवर ओव्हरड्राफ्ट घेतला तर इथल्या बऱ्याच मोठ्या बँका वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. मग विद्यार्थ्यांवर एवढी मेहेरबानी का, तर इथे माणूस अठराव्या वर्षी ज्या बँकेत शिरतो तिथेच वर्षानुवर्षं राहतो, पुढे पगार, घराचं कर्ज, सगळं तिथेच, म्हणून बँका ह्या वयातली गिऱ्हाइकं धरायला बघतात, कुणी रोख पैसे देतं, कुणी रेल्वेचं सवलतीचं कार्ड देतं.

म्हणजे स्टुडंट अकाउंट नाकारलं ह्याचा अर्थ बहुतेक वेळा बँकेने तुम्हाला उधारी नाकारली, खातं नाही. ह्या दोन गोष्टी पोरं एक समजतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो, कारण पगार घ्यायला, भाडं भरायला, मोबाइलचं डायरेक्ट डेबिट (बिल आपोआप खात्यातून कापलं जाणं) लावायला फक्त खातं लागतं, उधारी नाही.

आता कारणं. सगळ्यात साधं आणि सगळ्यात कॉमन कारण म्हणजे तुम्ही त्या खात्याच्या नियमात बसतच नाही. बहुतेक मोठ्या बँकांची अट असते की अर्जदार गेली ३ वर्षं यूकेत राहिलेला हवा. शिवाय यूकॅस, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज एकत्र घेणारी संस्था, तिच्यातून प्रवेश पक्का झाल्याचा कोड मागतात, आणि यूकॅस मुख्यतः पदवीसाठी आहे, आपली बहुसंख्य मुलं येतात एक वर्षाच्या मास्टर्सला, थेट युनिव्हर्सिटीकडे अर्ज करून. काही बँका मास्टर्सवाल्यांना घेतात, काही घेत नाहीत. मग ऑनलाइन फॉर्म भरला, पत्त्याच्या रकान्यात मागचे ३ वर्षांचे पत्ते विचारले, तुम्ही नाशिकचा पत्ता टाकला आणि फॉर्मने तिथेच हात वर केले. ह्यात तुमच्या चारित्र्यावर कसलाही डाग नाही, फॉर्मच चुकीचा होता. त्याच बँकेत इंटरनॅशनल स्टुडंटसाठी वेगळं खातं असू शकतं किंवा साधं करंट अकाउंट मिळू शकतं. फक्त "स्टुडंट" हा शब्द बघून क्लिक करू नका एवढंच.

हाच नियम इथल्या मराठी घरांतही कधीकधी लागतो बरं का. आईबाबा ब्रिटिश नागरिक, मुलगी जन्मली लंडनला, पण मधली सहा-सात वर्षं बाबांच्या नोकरीमुळे दुबईला किंवा पुण्याला गेली आणि ती युनिव्हर्सिटीसाठी परत आली. पासपोर्ट ब्रिटिश, बोलणं ब्रिटिश, आणि तरी बँक म्हणते ३ वर्षांचे पत्ते द्या. मग घरात चर्चा की हा वंशभेद आहे. असेलही कुठे, पण ह्या ठिकाणी बहुतेक तो नसतो, बँकेच्या लेखी तुम्ही नवखे असता, पासपोर्टचा रंग कुठलाही असो.

दुसरं कारण क्रेडिट चेक, म्हणजे तुमच्या आधीच्या उधारीची तपासणी. तुमचा भारतातला सिबिल स्कोअर ८०० असला तरी इथे त्याला कुणी विचारत नाही. इथे एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन अशा तीन मोठ्या कंपन्या लोकांच्या उधारीच्या नोंदी ठेवतात आणि नव्याने आलेल्या माणसाची फाइल तिथे एकतर नसते किंवा इतकी बारकी असते की बँकेच्या कॉम्प्युटरला त्यातून काही कळत नाही. फाइल वाईट असणं आणि फाइलच नसणं ह्यात माणसाला फरक कळतो, कॉम्प्युटर दोघांनाही नाहीच म्हणतो. इथे वाढलेल्या मुलांचं उलटं असतं, त्यांची फाइल असते पण त्यात मोबाइलच्या कॉन्ट्रॅक्टचा चुकलेला हप्ता किंवा "आत्ता घ्या, नंतर भरा" वाल्या खरेदीचं थकलेलं बिल बसलेलं असतं.

ह्याबद्दल तीन अफवा फिरत असतात. एक, की ब्लॅकलिस्ट नावाची यादी आहे आणि त्यात नाव गेलं की संपलं. उधारीची अशी कुठलीही यादी नाही, प्रत्येक बँक स्वतःच्या हिशोबाने ठरवते, म्हणून एकीने नाही म्हटलं आणि दुसरीने हो म्हटलं असं होऊ शकतं. दोन, की माझ्या खोलीत आधी राहणाऱ्याने पैसे बुडवले म्हणून माझं अडलं. तसं नसतं, नोंद माणसाच्या नावावर असते, खोलीच्या नाही, दुसऱ्याची नोंद तुमच्याशी जोडली जाते ती जॉइंट अकाउंट किंवा एकत्र कर्ज असेल तरच. तीन, की जितक्या जास्त बँकांत अर्ज तितकी शक्यता जास्त. हे तर पूर्ण उलटं आहे. प्रत्येक पक्क्या अर्जाची नोंद फाइलवर पडते आणि पुढच्या बँकेला ती दिसते, एका आठवड्यात पाच नोंदी दिसल्या की तिला वाटतं ह्या माणसाला पैशांची भयंकर निकड आहे किंवा काहीतरी गडबड आहे. बऱ्याच बँकांच्या साइटवर आधी "मिळेल का" एवढंच बघायची सोय असते, त्याची नोंद दुसऱ्या बँकांना दिसत नाही, ते आधी वापरा.

आणि आता एक गोष्ट जी आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. भारतीय नागरिक यूकेत मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. हो, स्टुडंट व्हिसावर असलेला सुद्धा. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे आणि इथे कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना इथल्या निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे, पार पार्लमेंटच्या निवडणुकीत सुद्धा, जो फ्रान्स किंवा जर्मनीहून आलेल्या तुमच्या वर्गमित्राला नाही. आपल्या पणजोबांना हे ऐकून काय वाटलं असतं देव जाणे. पण मत द्यायचं की नाही हा पुढचा भाग, इथे मुद्दा असा की मतदार यादीतलं नाव आणि पत्ता ह्या क्रेडिट कंपन्यांच्या फाइलवर येतो आणि "हा माणूस खरंच ह्या पत्त्यावर राहतो" हे बँकेला आपोआप पटतं. नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथे काम आणि टॅक्ससाठी मिळणारा सरकारी नंबर) अजून आला नसेल तर तो नसल्याचं कारण लिहायचं, तेवढ्यावरून ते अर्ज फेकून देत नाहीत. नोंद लगेच दिसत नाही, काही आठवडे जातात, म्हणून आल्या आल्या करून टाकावं.

पण आपल्या मुलांची खरी अडचण बहुतेक वेळा क्रेडिट नसतेच, ती असते ओळख आणि पत्ता. मनी लाँडरिंगविरुद्धचे २०१७ चे नियम आहेत, त्यानुसार बँकेला खातं उघडायच्या आधी माणूस कोण आणि राहतो कुठे हे तपासावंच लागतं. कोण, ते पासपोर्टवरून कळतं. राहतो कुठे ह्यासाठी बँकेच्या यादीत असतं काउन्सिल टॅक्सचं (इथल्या घरपट्टीचं) बिल, गॅस किंवा विजेचं बिल, दुसऱ्या बँकेचं स्टेटमेंट. आता बघा गंमत. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला काउन्सिल टॅक्स माफ असतो म्हणून ते बिल नाही. हॉलमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या होस्टेलमध्ये, किंवा शेअर फ्लॅटमध्ये वीज-गॅस भाड्यातच धरलेलं असतं म्हणून तेही बिल नाही. आणि बँकेचं स्टेटमेंट असतं तर तुम्ही बँकेत गेला कशाला असता! वर घरमालकाचा एजंट म्हणतो भाडेकरार करायचा तर यूकेचं बँक अकाउंट दाखवा.

ह्यातून बाहेर काढणारा कागद एकच, युनिव्हर्सिटीचं बँक लेटर. ते बहुतेक ठिकाणी विद्यार्थी पोर्टलवरून किंवा स्टुडंट सर्व्हिसेसच्या काउंटरवरून मिळतं. पण नुसतं "अमुक अमुक आमचा विद्यार्थी आहे" असं पत्र पुरत नाही. त्यात तुमचा इथला राहण्याचा पत्ता, भारतातला कायमचा पत्ता, कोर्सचं नाव, सुरू आणि संपायची तारीख हे सगळं लागतं, काही बँकांना पत्रावर त्याच बँकेचं नाव लागतं, आणि पत्र ताजं लागतं. म्हणून आधी बँकेच्या साइटवर बघा की तिला पत्रात काय काय हवं आहे आणि मग पत्र मागा, उलटं करू नका, कारण ऑक्टोबरमध्ये दुसरं पत्र काढायचं म्हणजे परत रांग.

आणि नाव! इथे मराठी माणसाचा खास घोळ होतो. आपलं नाव तीन भागांचं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव बऱ्याच जणांच्या स्वतःच्या नावाला चिकटून एकाच रकान्यात असतं, दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं, युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरताना एजंटने वडिलांचं नाव गाळलेलं, आणि फ्लाइटच्या तिकिटावर दोन्ही नावं जोडून एकच लांबलचक शब्द. माणसाला कळतं की हे सगळे एकच आहेत. बँकेच्या सिस्टिमला पासपोर्ट आणि पत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. लग्न होऊन आडनाव बदललेल्या मुलींचे तर विचारूच नका, पासपोर्ट माहेरचा, मॅरेज सर्टिफिकेट सासरचं. तेव्हा युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर आपलं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का हे भारतातूनच बघून घ्या, बदलायला तेव्हा एक ईमेल पुरतो.

पत्त्याचंही तेच. "मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. ढमुक, श्री दत्त मंदिरासमोर" असा पत्ता इथल्या फॉर्मच्या छोट्या रकान्यांत मावत नाही, मग प्रत्येक ठिकाणी आपण वेगळं वेगळं कापतो. एकदाच ठरवा कसा लिहायचा आणि सगळीकडे तसाच लिहा. इथल्या पत्त्यात पोस्टकोड टाकला की यादी येते, त्यातला आपला फ्लॅट निवडायचा, हाताने टाइप करायचा नाही. भारतातल्या पत्त्याचा पुरावा म्हणून महावितरणचं मराठीत छापलेलं बिल आणाल तर इथला क्लार्क ते उलटंसुलटं करून परत देईल, त्याला इंग्रजी कागद हवा, नाहीतर अधिकृत भाषांतर. त्यापेक्षा निघायच्या आधी तुमच्या भारतातल्या बँकेकडून तुमच्या नावाचं, घरच्या पत्त्याचं, इंग्रजीतलं, शिक्क्याचं स्टेटमेंट घेऊन ठेवा. सातबारा आणू नका, खरंच सांगतो, लोक आणतात.

व्हिसाचं एक नवीन झालंय. आधी बीआरपी नावाचं प्लॅस्टिकचं कार्ड मिळायचं, ते आता बंद, २०२४ संपता संपता त्या कार्डांची मुदत संपवली आणि सगळं ई-व्हिसावर गेलं. म्हणजे व्हिसाचा पुरावा म्हणून हातात काही नाही, सरकारी साइटवर लॉगिन करून शेअर कोड काढायचा, तो ९० दिवस चालतो, तो कोड आणि जन्मतारीख टाकली की समोरच्याला तुमचा व्हिसा दिसतो. कोड काढताना कशासाठी हवा ते विचारतात, नोकरी, घरभाडं की इतर, बँकेसाठी "इतर" निवडायचं. एखाद्या शाखेत जुन्या सवयीने कार्ड मागतात, तेव्हा शांतपणे सांगायचं की आता कार्ड नसतं. बँकांना हे बघावंच लागतं, कारण २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने बेकायदा राहणाऱ्याला करंट अकाउंट द्यायला त्यांना बंदी आहे.

आता शेवटचं कारण, आणि खरं तर हा लेख लिहायला घेतला तो ह्याच्यासाठी. वरची सगळी कारणं कागदांची आहेत, आज ना उद्या सुटतात. हे सुटता सुटत नाही.

यूकेत सिफास नावाची एक संस्था आहे. बँका, मोबाइल कंपन्या, कर्ज देणारे असे बरेच जण तिचे सभासद आहेत आणि फसवणुकीच्या नोंदी ते तिथे एकमेकांना दाखवतात. वर म्हटलं की उधारीची ब्लॅकलिस्ट नाही, ते खरं, पण ही त्याच्या बरीच जवळ जाते. एखाद्या बँकेला वाटलं की तुमचं खातं चोरीचा पैसा फिरवायला वापरलं गेलं तर ती तुमच्या नावावर तिथे शेरा मारते आणि तो शेरा ६ वर्षं राहू शकतो. तुमचं आहे ते खातं बंद, दुसरी बँक नवीन उघडत नाही, फोनचं कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही, आणि पोस्टाने आलेल्या पत्रात लिहिलेलं असतं फक्त, "आम्ही आपल्याला सेवा देऊ शकत नाही."

तुम्ही म्हणाल मी कशाला चोरीचा पैसा फिरवतोय. ठीक. आता हे वाचा. समजा एक मुलगी पुण्याहून शेफील्डला आलीये, तिला भाड्यासाठी २,००० पाउंड हवेत, बँकेतून पाठवायचं तर चार्जेस, कागद, टॅक्स. कुणाच्यातरी ओळखीचा कुणीतरी मेसेज करतो, "माझ्याकडे पाउंड आहेत, मला घरी रुपये हवेत, तुझ्या बाबांनी माझ्या भावाच्या खात्यात रुपये टाकायचे, मी तुला इथे पाउंड टाकतो, रेट बँकेपेक्षा चांगला देतो." बाबा पुण्यात जीपे करतात, इथे तिच्या खात्यात पाउंड येतात, सगळे खूश. आणि तीन आठवड्यांनी कळतं की ते पाउंड लीड्समधल्या कुणा आजीबाईंना फोनवर गंडवून काढलेले होते आणि आले थेट हिच्या खात्यात. बँकेला दिसतं काय, तर चोरीची रक्कम ह्या खात्यात आली आणि लगेच पुढे गेली. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं हे बँकेला दिसत नाही. रुपये देणारे बाबा, रेट, तो भाऊ, हे सगळं व्हॉट्सॅपवर, आणि तो नंबर आता बंद.

ह्याचीच भावंडं बरीच आहेत. "तुझ्या युनिव्हर्सिटीची फी मी भरतो, तू मला १० टक्के कमी दे", इथे फी भरली जाते चोरलेल्या कार्डाने, काही दिवसांनी ती रक्कम उलटते, युनिव्हर्सिटी म्हणते फी आलीच नाही आणि तुमचे पैसे गेलेले असतात. "एक पेमेंट तुझ्या खात्यात घे, पुढे पाठव, पन्नास पाउंड तुझे." आणि कोर्स संपवून परत जाणाऱ्यांना हटकून येणारी ऑफर, "जातोच आहेस ना, तुझं कार्ड आणि अॅपचा पासवर्ड मला दे, दोनशे देतो." चोरीचा पैसा फिरवायला असं आपलं खातं वापरू देणाऱ्याला इथे मनी म्यूल म्हणतात, ह्या उद्योगाचे दलाल विद्यार्थ्यांनाच गाठतात, आणि २००२ च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम कायद्याखाली मनी लाँडरिंगला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मित्राचा पगार स्वतःच्या खात्यात घेणं ह्यातही मी पडू देणार नाही कुणाला, त्याचं खातं अजून उघडलं नसलं तरी. मैत्री वेगळी, सॉर्ट कोड (आपल्या आयएफएससीसारखा बँकेचा नंबर) वेगळा.

बँक कारण का सांगत नाही ह्याचं उत्तरही इथेच आहे. काउंटरवरची बाई उद्धट म्हणून नाही. बँकेने तुमच्या व्यवहाराबद्दल संशयाचा रिपोर्ट वर पाठवलेला असेल आणि तिने तुम्हाला त्याचा सुगावा लागू दिला तर त्याच कायद्याने तो तिचा गुन्हा ठरू शकतो. कित्येकदा तर तिलाही माहीत नसतं, स्क्रीनवर फक्त "नाही" दिसतं. तिच्याशी भांडून काही हाती लागत नाही.

मग शोधायचं कसं? सिफासकडे तुम्ही स्वतः विचारू शकता, माझ्या नावावर काय नोंद आहे ते दाखवा, डेटा प्रोटेक्शन कायद्याने तो हक्क आहे, फुकट आहे, साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. तीनही क्रेडिट कंपन्यांकडून स्वतःचा रिपोर्ट पण फुकट मिळतो. शेरा निघाला तर ज्या बँकेने मारला तिच्याकडे लेखी तक्रार करायची, नुसत्या संशयावर शेरा मारता येत नाही, बँकेकडे ठोस पुरावा लागतो, तेव्हा तुमच्याकडचे सगळे मेसेज, स्क्रीनशॉट, बाबांच्या खात्यातल्या एन्ट्री जोडायच्या. तक्रार निकाली काढायला बँकेला ८ आठवडे मिळतात, तिचं अंतिम उत्तर पटलं नाही तर ६ महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जायचं, तेही फुकट, आणि ओम्बड्समनने बँकांना असे शेरे काढायला लावलेले आहेत. "आम्ही सिफास क्लीन करून देतो, ३०० पाउंड" असं म्हणणारे इन्स्टावर भेटतील, त्यातले काही परत तेच दलाल असतात.

शेरा नसेल, म्हणजे तुम्ही बाकीच्या बहुसंख्य मुलांसारखे असाल, तर रस्ता बराच सोपा आहे. ज्या बँकेने नाकारलं तिला फोन नाहीतर चॅट करून एवढंच विचारा, नियमात बसत नाही म्हणून की कागद पटले नाहीत म्हणून की क्रेडिटमुळे, आणि क्रेडिटमुळे असेल तर कुठल्या कंपनीची फाइल बघितली. हे विचारलं की बऱ्याचदा सांगतात. निर्णय फक्त कॉम्प्युटरने दिलेला असेल तर एखाद्या माणसाने तो परत बघावा अशी मागणीही करता येते.

आणि मग बेसिक बँक अकाउंट मागा. हे नाव लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत ते कधी दिसत नाही आणि काउंटरवर आपणहून कुणी काढत नाही, बँकेला त्यातून काही सुटत नाही ना. २०१५ च्या पेमेंट अकाउंट्स नियमांनुसार सरकारने नेमलेल्या मोठ्या बँकांना असं बिनफीचं खातं द्यावंच लागतं, आणि कायदेशीर व्हिसावर इथे राहणारा विद्यार्थी ते मागू शकतो. त्यात डेबिट कार्ड, सॉर्ट कोड, अकाउंट नंबर, डायरेक्ट डेबिट सगळं मिळतं, ओव्हरड्राफ्ट नाही. फाइल कोरी आहे किंवा क्रेडिट खराब आहे एवढ्या कारणाने ते नाकारता येत नाही. ओळख पटली नाही किंवा फसवणुकीचा संशय असला तर नाकारू शकतात, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, फक्त कायद्यानेच तोंड बांधलं असेल तर नाही.

मोन्झो आणि स्टार्लिंगसारख्या फोनवरच्या बँका आहेत, तिथे पासपोर्टचा फोटो आणि छोटा व्हिडिओ द्यायचा, इथला पत्ता टाकायचा, कार्ड पोस्टाने घरी येतं, बऱ्याच मुलांचं पहिलं खातं आजकाल हेच असतं. ह्या पूर्ण बँका आहेत, बुडाल्या तर १ डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पाउंडांपर्यंत ठेव सुरक्षित आहे, आपल्याकडे ५ लाख रुपये आहे तसं. पण बँकेसारखं दिसणारं प्रत्येक अॅप बँक नसतं, काही नुसती पैशांची पाकिटं असतात, त्यांना हे संरक्षण लागू नाही, म्हणून वर्षाची फी तिथे पार्क करू नका.

पैसे आणतानाचं एक. घरून पहिलीच रक्कम मोठी आली, समजा बाबांच्या खात्यातून १५ लाख रुपये, तर इथली बँक ते थांबवून विचारू शकते की हे कुठले. कर्ज असेल तर सँक्शन लेटर, बाबांचे असतील तर त्यांचं स्टेटमेंट आणि पैसे पाठवल्याची पावती, एवढं फोनमध्ये पीडीएफ करून ठेवलं की दोन दिवसांत सुटतं, नाही ठेवलं तर रात्री अडीचला बाबांना उठवून कपाट उघडायला लावावं लागतं. तोपर्यंत, म्हणजे निदान पहिला महिना, फॉरेक्स कार्डावर (भारतातून पाउंड भरून आणलेल्या कार्डावर) खर्चापुरते पैसे असू द्या, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाखांतल्या अपॉइंटमेंट लवकर मिळत नाहीत.

परत भारतात जाताना खातं स्वतः बंद करून जा, पण घाईने नको. पार्ट टाइम काम केलं असेल आणि टॅक्स जास्त कापला गेला असेल तर तो परत मागता येतो, आणि ती रक्कम यायला कधीकधी तुम्ही घरी पोचल्यावर महिने लागतात. ती इथल्या खात्यात आली, उरलेलं सगळं भारतात वळवलं, की मग अॅपमधूनच बंद करायला सांगायचं आणि बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवायचा.